एवढीशी बाटली



गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. रविवारची सामुदायिक वंदना आटोपली होती. मुले खेळायला पळाली, पुरुषमंडळी बाहेर ओट्यावर बोलत उभी राहिली आणि आम्ही चार-पाच जणी विहारातल्या सतरंज्यांच्या घड्या करीत होतो. त्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी होत्या. ह्या मावशी गेली तीस वर्षे कचरा वेचतात. पहाटे पाचला पाठीवर पोते टाकून निघायचे, दोन-तीन गल्ल्या आणि पलीकडच्या सोसायट्या फिरायच्या, अकराच्या सुमारास भंगाराच्या दुकानावर वजन करायचे आणि मग घरी चहा. दोन मुली शिकवल्या त्या ह्याच पोत्यावर.

सतरंजीचे टोक धरताना मावशींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. विचारले तर म्हणाल्या, "काय न्हाई गं, सुई टोचली शुक्रवारी. त्या एवढ्याशा काचंच्या बाटल्या असत्यात ना इंजेक्शनच्या, त्यांच्यासंगं पिशवीत व्हती. पाण्यानं धुतलं न् लागले कामाला." आणि लगेच पुढचा प्रश्न, "पर ताई, ह्या बाटल्या येत्यात तरी कुठनं इतक्या? रोज पाच-सहा घावत्यात. भंगारवाला तर फुकटबी घेत न्हाई."

माझी सारी नोकरी परिचारिकेची झाली. मी मनातल्या मनात तास मोजले. शुक्रवार सकाळ ते रविवार दुपार, पन्नासच्या वर होत होते. बहात्तर व्हायला अजून अवकाश होता. सतरंज्या तशाच टाकल्या आणि मावशींना रिक्षात घालून सरकारी रुग्णालय गाठले. बहात्तर तासांचे काय ते पुढे सांगते. तिथे बाकावर अडीच तास बसावे लागले. त्या अडीच तासांत मावशींच्या प्रश्नाचे उत्तर देत बसले. तेच ह्या आठवड्याच्या सदरात.

आधी बाटलीची ओळख करून घेऊ. इंजेक्शनच्या औषधाची काच दोन तऱ्हेची असते. एक कुपी, तिला अँप्यूल म्हणतात. औषध भरले की तिची मान ज्योतीवर वितळवून बंद करतात. मान मोडायची, औषध ओढायचे, संपले. ही कुपी १८८६ साली स्तानिस्लास लिमुझँ नावाच्या एका फ्रेंच औषधनिर्मात्याने आणली. दुसरी व्हायल. तिच्या तोंडाला रबरी बूच असते आणि बुचावर ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवलेली असते. हे बूच कधीच काढायचे नसते. त्यातूनच सुई आत घालायची आणि लागेल तेवढे औषध ओढून घ्यायचे. सुई बाहेर आली की रबर आपोआप मिटते. मावशींच्या पोत्यात येतात त्या बहुतेक ह्या.

काच तरी कशासाठी? काच आरपार दिसते, औषध गढूळ झाले तर डोळ्यांना कळते. ती तापवून निर्जंतुक करता येते. पण बांगडीची किंवा सरबताच्या बाटलीची काच इथे चालत नाही. त्या काचेतले क्षार हळूहळू औषधात उतरतात. म्हणून बोरॉन घातलेली काच वापरतात. जर्मनीत येना गावी ऑटो शॉट ह्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली. ही काच वितळायला आच जास्त लागते आणि साध्या काचेच्या भट्टीत ती मिसळली तर सगळा माल बिघडतो. मावशींचा भंगारवाला फुकटही का घेत नाही, त्याचे अर्धे उत्तर हे आहे. उरलेले अर्धे म्हणजे त्यालाही भीती वाटते!

आता मागे जाऊ या. अशी बाटली नव्हती तेव्हा औषध कशात ठेवत असत?

ऐकून नवल वाटेल, पण देवीची लस ठेवायला लहान मुले वापरीत. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गायीच्या देवीपासून लस दिली खरी, पण ती उन्हाळ्यात टिकत नसे. म्हणून एका मुलाला देवी काढायच्या, सात-आठ दिवसांनी दंडावरचा फोड भरला की त्यातले पाणी काढून पुढच्या मुलाच्या दंडात टोचायचे. दंडादंडावरून लस प्रवास करायची. बगदाद आणि बसरामार्गे ती अशीच मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी आना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात देवीची लस घेणारी ती पहिली. तिच्या दंडावरून ती इतर मुलांना दिली गेली आणि तिथून पुढे गावोगावी गेली.

आपल्या देशात ह्यातही जात शिरली नसती तरच आश्चर्य. लस वाहून नेण्यासाठी जी मुले आणीत ती बहुतेक गरिबांची, अस्पृश्य आणि खालच्या मानलेल्या जातींची. आईबापांना चार पैसे द्यायचे किंवा दटावायचे. आणि त्याच मुलांच्या दंडातली लस आपल्या मुलांना टोचायला सवर्ण घरे नकार द्यायची, कारण काय तर विटाळ! म्हणजे फोड आमच्या लेकराच्या दंडावर, दुखणे आमच्या लेकराला, आणि वर विटाळही आमचाच. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवून ती ग्लिसरीनमध्ये कालवायची आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत भरून पाठवायची रीत सुरू झाली, तेव्हा कुठे त्या मुलांची सुटका झाली. कितीजण असे वापरले गेले? त्यांची नावे कुठल्या दप्तरात असतील असे वाटत नाही. आना डस्टहॉलचे नाव तेवढे राहिले.

हे ऐकून मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तवाबी आमचंच हात."

काच मिळाली तरी तोंडाचा प्रश्न उरतो. औषधाच्या भांड्याचे तोंड उघडे राहिले तर आतल्या औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही. ही गोष्ट आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलेली आहे. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र खंड आहे. भिक्खूंना डोळ्यांचे आजार होत, म्हणून तथागतांनी अंजनाची परवानगी दिली. अंजन ठेवायला डबी हवी. काही भिक्खू सोन्याचांदीच्या डब्या वापरू लागले, तेव्हा लोक बोलू लागले. तथागतांनी त्या बंद केल्या आणि हाड, शिंग, वेळू, लाकूड, लाख, शंख असल्या साध्या वस्तूंच्या डब्यांना अनुमती दिली. पुढचा भाग मला फार आवडतो. डबी उघडी राहायची, तिच्यात गवताचे कण आणि धूळ पडायची, म्हणून तथागतांनी झाकणाला अनुमती दिली. झाकण घसरून पडायचे, म्हणून ते सुताने डबीला बांधून ठेवायला सांगितले. बघा, दुःखमुक्तीचा मार्ग सांगणारा महापुरुष झाकणाच्या दोऱ्यापर्यंत लक्ष घालतो! रोग्याच्या सेवेत काहीच क्षुल्लक नसते हे माझ्या नोकरीत मला फार उशिरा कळले.

झाकणाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, त्याची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला. ओडेसा शहरात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन हे ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा हिंदुस्थानात होते. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

त्याच वेळी इकडे पुण्यात काय चालले होते? क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले, तेव्हा सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतल्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. औषध निघते एका दिवशी आणि आपल्या दारात पोहोचते दुसऱ्याच दिवशी. ह्या दोन तारखांच्या मधले अंतर आपल्या लोकांनी फार भोगले आहे.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. परळ-नायगावच्या चाळींत वाढलेल्या आपल्या माणसांना हाफकिन म्हणजे सापाच्या विषावरचे औषध करणारी संस्था म्हणून माहीत आहे. तीच ही जागा. इथून लस बाटल्यांत भरून देशभर जाई. त्या बाटल्यांना बूच असे आणि ते चिमट्याने उपसून काढावे लागे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. आठवडाभराने त्यांतले १९ जण धनुर्वाताने आजारी पडले आणि सगळेच्या सगळे दगावले. १९ जणांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून. तिचा क्रमांक ५३-एन.

चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना निलंबित केले, त्यांच्या कामावर डाग लागला. पण मुल्कोवालमध्ये ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्याने चिमटा जंतुनाशकात नुसता बुचकळला आणि त्यानेच बूच काढले. बाटली उघडली तेव्हा आतल्या औषधाला धनुर्वाताचा वासही येत नव्हता. जंतू आत परळहून गेलेच असते तर एव्हाना वाढून वास सुटला असता. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हे मांडले, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे एका निरपराध माणसाने दोष वाहिला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. आणि ते १९ जण? ज्यांनी विश्वासाने दंड पुढे केला, त्यांच्या घरच्यांचे पुढे काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

बूच उपसायचे नाही, रबरातून सुई घालायची, ही आजची पद्धत म्हणजे त्या चिमट्याला मिळालेले उत्तर आहे असे मी शिकाऊ मुलींना सांगत असे. म्हणून घरात कुणी व्हायल वापरत असेल तर दरवेळी रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या आणि मगच सुई घाला. बोट पुसलेल्या रबरावर ठेवू नका.

चाळीतल्या बायकांना ही बाटली पहिल्यांदा भेटली ती बहुधा क्षयरोगात. गिरणीतला माणूस खोकायला लागला की स्ट्रेप्टोमायसिनची एक ग्रॅमची बाटली. पांढरी पूड, तीत पाणी घालून हलवायची. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीनच्या बाटल्या आपल्या मातीत भरू लागल्या. रिकाम्या बाटल्या कुणी टाकत नसे. उकळून घ्यायच्या आणि त्यांत काजळ ठेवायचे, लवंगा ठेवायच्या, शर्टाची बटणे ठेवायची. आमच्या आईच्या फडताळात सात-आठ होत्या. आज मात्र तसे करू नका. उकळल्याने औषधाचा सगळा अंश जातोच असे नाही आणि काही औषधे फार जहरी असतात.

इन्सुलिनबद्दल जरा सावकाश सांगते, कारण आज आपल्या घराघरांत मधुमेह आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी रात्ररात्र झोप नसे आणि इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. त्याच शरीराने त्यांनी घटनेचा मसुदा तयार केला आणि पुढे नागपूरची दीक्षाभूमी गाठली. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली, कॅनडातल्या टोरांटो शहरात. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी असे मूल मधुमेहाने जाणार हे ठरलेलेच असे. बँटिंग ह्यांचे नाव पेटंटावर नव्हते आणि ज्यांची होती त्या सहकाऱ्यांनी एकेका डॉलरला ते हक्क विद्यापीठाला देऊन टाकले. औषध सर्वांचे राहावे हा हेतू. इतके असून आजही महिन्याच्या शेवटी "ह्या वेळी बाटली राहू दे, पुढच्या पगाराला आणू" असे म्हणणारी घरे मला माहीत आहेत. भगिनींनो, असे करू नका. सरकारी दवाखान्यात इन्सुलिनची चौकशी करा, तिथे लाजण्यासारखे काही नाही.

बाटली हातात घेतली की लेबल वाचा. घरात शिकलेले पोर असेल तर त्याला वाचायला लावा. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, म्हणजे बाटलीत ४०० युनिट. तिला ४० चीच सिरिंज लागते, तिची टोपी लाल असते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटवाली. लाल बाटलीला नारिंगी सिरिंज लावली तर मापात अडीच पटींचा फरक पडतो. ह्या एका चुकीने माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाण्यासारखे इन्सुलिन स्वच्छच दिसले पाहिजे. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर बाटली परत करा. दुधट इन्सुलिन असेल तर दोन्ही तळव्यांत धरून हलकेच घोळा, खळखळ हलवू नका.

फ्रिज नाही म्हणून अडू नका. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी हे खरे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन फुकट जाते. पण चालू बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालते. उन्हाळ्यात छोट्या मडक्याला बाहेरून ओले फडके गुंडाळा, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मडक्यात ठेवा आणि मडके वाऱ्याच्या ठिकाणी सावलीत ठेवा. फडके दिवसातून दोनदा भिजवा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहून ठेवा.

बाळाला लस द्यायला न्याल तेव्हाही बाटलीकडे बघा. लेबलवर किंवा टोपीवर जांभळट गोल आणि त्याच्या आत फिका चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर लस उन्हात खराब झाली, ती द्यायची नाही. १९९६ पासून पोलिओच्या बाटलीवर ही खूण आली आणि मग इतर लशींवर. भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, त्यात त्या एवढ्याशा चौकोनाचाही वाटा आहे. "ताई, जरा बाटली दाखवता का?" असे विचारायला कचरू नका. चांगली परिचारिका रागावत नाही.

आता मावशींकडे येते.

अडीच तासांनी आमचा नंबर लागला. टेबलावरच्या बाईंनी विचारले, "हातमोजे का नाही घातले?" मावशी म्हणाल्या, "मोजं घातलं की काच कळत न्हाई न् कागद कळत न्हाई बाई. आमच्या हातालाच डोळं हायेत." डॉक्टर मात्र भले होते. त्यांनी नीट ऐकून घेतले, रक्त घेतले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, कावीळ-बीच्या लसीचा पहिला डोस दिला आणि एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या सुरू केल्या.

बहात्तर तासांचे गणित हे. सुई टोचल्यावर ह्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्य तर दोन तासांत. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. २८ दिवस घ्याव्या लागतात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. बाधित माणसाला वापरलेली सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. पण कावीळ-बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. उकिरड्यावर पडून राहिलेल्या सुईने धोका त्याहून कमी, पण शून्य नाही. सुई टोचली तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. चिंधी बांधून कामाला लागू नका. आपल्या बस्तीत कचरा वेचणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, दवाखान्यात सफाई करणाऱ्या जितक्या बायका-पुरुष आहेत, त्या सर्वांनी कावीळ-बीचे तीन डोस आधीच घेऊन ठेवावेत. पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी.

दवाखान्यांसाठी नियम आहेत. १९९८ मध्ये पहिले झाले, २०१६ मध्ये नवे. काचेच्या बाटल्या आणि कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पण मावशींना टोचलेली सुई दवाखान्यातली नव्हती. ती पिशवी एका घरातली होती. इन्सुलिनच्या दोन रिकाम्या बाटल्या, चार सिरिंजा, भाजीची देठे आणि शिळी भाकरी. मावशींना ते घरही माहीत होते. आपल्याच समाजाचे आहे. चाळीतून निघून सोसायटीत गेलेले, दाराला पंचशील ध्वजाचे चित्र लावलेले.

मला त्या घरावर रागवायचे होते, पण रागावता आले नाही. आमच्या ह्यांनाही बारा वर्षे मधुमेह आहे. सुया मीच टोचते. आणि त्या सुया मी, नोकरीत निळे-पांढरे डबे कोळून प्यालेली मी, वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकत आले होते. दवाखान्याच्या दाराबाहेर पाऊल पडले की नियमही तिथेच राहिला. माझी कुठली सुई कुणाच्या बोटात गेली असेल?

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायकांनी पहिल्यांदा ओळखपत्र मागितले, आम्ही चोर नाही, कामगार आहोत असे सांगितले. त्यांतल्या बहुतेक आपल्याच, दलित समाजाच्या. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा म्हणून सांगितले आणि आपण सोडले. मग आपल्याच बहिणीच्या हातात आपल्याच घरातून सुई जावी हे कसे चालते?

आमच्या वस्तीत आम्ही आता असे करतो. जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी, खोबरेल तेलाची किंवा जंतुनाशकाची रिकामी, घरात ठेवायची. वापरलेली सुई टोपी परत न लावता सरळ तीत टाकायची. टोपी लावतानाच जास्त टोचते. बाटल्या वेगळ्या डब्यात. लेबल खरवडून टाकायचे, कारण २०२१ च्या कोरोनात रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत भलतेच औषध भरून विकल्याचे गुन्हे आपल्या महाराष्ट्रातही नोंदले गेले. बाटली फोडायची नाही, फुटलेली काच पुन्हा त्याच हातांना लागते. बरणी पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करायचे, वर लाल रंगाने मोठा ठिपका काढायचा. कचऱ्यात टाकायची नाही, हातात द्यायची आणि "मावशी, ह्यात सुया आहेत" असे तोंडाने सांगायचे. जवळच्या दवाखान्याने घेतली तर उत्तमच. आमच्या इथे एका दवाखान्याने आधी नाही म्हटले; महिला मंडळाच्या सात जणी एकदम गेल्या तेव्हा घेतली.

त्या सोसायटीतल्या घरी मी आणि मावशी दोघी गेलो. सूनबाईंनी दार उघडले. मावशींचा अंगठा बघून त्यांना रडू आले, मग चहा ठेवला. मावशी प्रथमच त्या घरात खुर्चीवर बसल्या. निघताना सूनबाईंनी बरणी दाखवली, चटणीची होती, काचेची. प्लास्टिकची घ्या म्हणून सांगितले.

मावशींच्या २८ दिवसांच्या गोळ्या शनिवारी संपल्या. पहिले पंधरा दिवस मळमळीने कामाचे चार दिवस बुडाले, ते पैसे महिला मंडळाने भिशीतून दिले. मावशी परत करणार म्हणतात, आम्ही नको म्हणतो, भांडण चालू आहे. पहिले रक्त चांगले आले. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. कावीळ-बीचा दुसरा डोस येत्या मंगळवारी आहे. मावशींबरोबर वेचणाऱ्या आणखी नऊ जणी यायच्या म्हणतात. मंगळवारी सकाळी दहाला विहारापाशी जमायचे ठरले आहे.